जुन्या सागाच्या फणेरपेटीसाठी बारीक दातांची करवत कोणती घ्यावी?

पडवी | ४ जून, रात्री ९.५०

चिपळूणजवळचं आमचं जुनं घर मार्चमध्ये उतरवलं. पडवीचे सागाचे वासे विकायला काढले होते. त्यातले चार मी हट्टाने ठेवून घेतले आणि वखारीतून १० मिलिमीटर जाडीच्या फळ्या काढून पुण्याला आणल्या. बाहेरून काळेठिक्कर वासे, पण आतला रंग अजून मधासारखा आहे.

त्याची मला फणेरपेटी करायची आहे. आजीची होती ती वाळवीने पोखरली. मापं मात्र मी वेळेत लिहून ठेवली: ९ इंच लांब, ६ इंच रुंद, साडेतीन इंच उंच. झाकणाच्या आत आरसा, खाली कुंकवाचा करंडा, मेणाची डबी आणि फणीसाठी कप्पे. चारही कोपरे एकमेकांत गुंतवलेले, पारव्याच्या पसरलेल्या शेपटीसारखे. म्हणजे आपण ज्याला डव्हटेल म्हणतो तो सांधा. खिळा एकही नव्हता.

दोन वर्षं लहानसहान सुतारकाम करते आहे. पाट केला, चौरंग केला, मसाल्याचा डबा केला. पण सांधे सगळे स्क्रूचे. घरातली करवत इंचाला ८ दातांची आहे. परवा एका तुकड्यावर डव्हटेल कापून पाहिला तर काप दीड मिलिमीटर रुंद आणि मागच्या बाजूला सगळ्या चिरफळ्या. अशा बारीक कामाला करवत कोणती घ्यावी? तीन हजारांपर्यंत तयारी आहे. फ्लॅटमध्ये राहते, जागा म्हणजे बाल्कनी. यंत्र नको आहे.

भुस्सा | ४ जून, रात्री १०.२०

ताई, तीन हजार कशाला? हॅकसॉचं २४ दातांचं पातं आणा, एका टोकाला सुतळी गुंडाळून मूठ करा, दात स्वतःकडे वळवून ओढून कापा. पातं ०.६५ मिमीच्या आसपास असतं. मी हॉस्टेलच्या खोलीत बुद्धिबळाचा पट असाच केला. पट्ट्यांचे तुकडे पाडायला उत्तम चाललं.

तिकोनी कानस | ५ जून, सकाळी ६.१५

पडवीताई, करवत निवडण्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारा: मी लाकूड कुठल्या दिशेने कापणार आहे?

डव्हटेलचे मुख्य काप फळीच्या टोकाकडून आत जातात. म्हणजे लाकडाच्या रेषांना धरून. कडेचे खांदे, म्हणजे कडेचा टाकाऊ तुकडा जिथे सुटतो ती जागा, कापता ते मात्र रेषांना आडवे. ह्या दोन कामांचे दात वेगळे असतात आणि दुकानदार हे सांगत नाही, कारण त्याला कुणी विचारत नाही. रेषांना धरून कापणारा दात म्हणजे एकापाठोपाठ एक लावलेल्या बारीक पटाश्या. त्याची धार सरळ, काटकोनात घासलेली. तो तंतू खरवडून उचलतो. हा रिप दात. आडवं कापणारा क्रॉसकट दात दोन्ही बाजूंनी तिरका घासलेला, सुरीच्या टोकासारखा. तो आधी तंतू चिरतो, मग मधला भुसा निघतो. तुमच्या घरच्या करवतीला बहुधा क्रॉसकट दात असणार. बाजारात तयार मिळणाऱ्या बहुतेक करवती तशाच असतात.

आता संख्या. फळीच्या जाडीत एका वेळी निदान तीन दात रुतलेले हवेत, नाहीतर करवत अडकून उसळ्या मारते. तुमची फळी १० मिमी. इंचाला १५ दात असतील तर जाडीत सहा दात बसतात. बारीक कामाला हे फार चांगलं प्रमाण. २५ दात घेतले तर दहा बसतील आणि काप आणखी गुळगुळीत दिसेल, पण दोन दातांमधल्या खाचा इतक्या लहान होतात की अर्ध्या फेरीतच भुशाने भरतात. भरलेली खाच कापत नाही, नुसती घासते. मग माणूस जोर लावतो, आणि जोर लावला की करवत रेषा सोडते. जितके बारीक दात तितका नेमका काप, हा समज आडव्या कापापुरता बराचसा खरा आहे. उभ्या, म्हणजे रेषांना धरून जाणाऱ्या कापात तो माणसाला फसवतो.

तिसरी गोष्ट पात्याची जाडी आणि दातांना दिलेला बाक. दात आलटून पालटून डावी-उजवीकडे किंचित वाकवलेले असतात, म्हणून काप पात्यापेक्षा रुंद पडतो आणि पातं आत अडकत नाही. चांगल्या डव्हटेल करवतीचं पातं ०.५ मिमी, काप ०.७ मिमीच्या आसपास. एवढं पातळ पातं ढकलताना वाकू नये म्हणून वर पितळेची किंवा पोलादाची पाठ बसवलेली असते.

तेव्हा माझं मत: ८ ते १० इंच लांबीची पाठीची करवत, इंचाला १४ ते १६ दात, रिप घासलेले. हॅकसॉचं पातं धातूसाठी आहे. त्याचे दात लाटेसारखे वळवलेले असतात, उभ्या कापात भुशाने बुजतात. भुस्सा यांनी पट्ट्या आडव्या तोडल्या म्हणून त्यांना त्रास झाला नाही.

मी आयटीआयमध्ये सुतारकाम शिकवायचो. मुलांना करवत हातात देण्याआधी दात भिंगाखाली दाखवायचो. तुम्हीही बघा.

उगवतीचा | ५ जून, सकाळी ११.०५

काकांनी फार छान समजावलं. पण जपानी करवतीचा उल्लेख राहिला, म्हणून लिहितो. मी कोबेत राहतो. इथून मिकी जवळ आहे, हत्यारं घडवणाऱ्यांचं गाव. दर नोव्हेंबरला तिथे हत्यारांची मोठी जत्रा भरते. करवती, पटाश्या, रंधे यांचे स्टॉल बघत दिवस जातो.

बारीक सांध्यांची जपानी करवत म्हणजे दोझुकी. तिलाही पाठ असते, पण ती ओढताना कापते. ओढलं की पातं ताणलं जातं, वाकायला वावच उरत नाही, म्हणून ०.३ मिमीचं पातं पुरतं. काप जेमतेम अर्धा मिलिमीटर. इथे वेष्टनावर इंचाला दात किती ते लिहीत नाहीत, दोन दातांमधलं अंतर मिलिमीटरमध्ये लिहितात. १ मिमी म्हणजे इंचाला साधारण २५ दात. पातं बोथट झालं की मूठ तीच ठेवून नवं पातं चढवायचं. नवशिक्याला पहिल्याच दिवशी सरळ काप मिळतो, असा माझा अनुभव आहे.

तिकोनी कानस | ५ जून, दुपारी १.३०

दोझुकी फार सुंदर हत्यार आहे, त्याबद्दल वाद नाही. पण ते हिनोकी आणि सुगीसारख्या मऊ लाकडांच्या देशात घडलं. त्याचे दात लांब आणि अणकुचीदार असतात. सागात सिलिका असते, ती धार खाते. शिवाय बदलत्या पात्यांचे दात विजेच्या झटक्याने कडक केलेले असतात. टोकाला निळसर-काळी झाक दिसते ती त्याचीच. त्यावर कानस चालत नाही. बोथट झालं की टाकायचं. ताईंच्या लाकडात जुने खिळे असण्याची शक्यता धरा, मग ठरवा.

शिसवी | ५ जून, रात्री ८.४०

मिरजेहून. मी तंबोरे-सतारींची दुरुस्ती करतो. घोडीसाठी शिसवाचे तुकडे कापावे लागतात, तेही बारीक कामच.

ओढून कापणं फक्त जपान्यांचं असं समजू नका. माझे आजोबा जमिनीवर बसून काम करायचे. लाकूड पायाच्या अंगठ्यांत धरलेलं, आणि करवतीचे दात मुठीकडे वळलेले. ढकलताना नुसती सरकायची, ओढताना कापायची. खाली बसलेल्या माणसाला ढकलायला जोर कुठून येणार? अंगाचा भार मागे टाकून ओढणं सोपं. ढकलायच्या करवती टेबलावर उभं राहून काम करणाऱ्यांच्या. तेव्हा पडवीताई, तुम्ही बाल्कनीत खाली बसून करणार की टेबलाशी उभ्या राहून, ह्यावरही करवत ठरते.

पडवी | ५ जून, रात्री ९.३०

सगळ्यांचे आभार. शिसवीदादा, हा विचार माझ्या डोक्यातच आला नव्हता. टेबल आहे, जुनं शिवणयंत्राचं, पण ते हलतं. त्यामुळे ओढायची बरी वाटते. काका, पातं टाकून द्यावं लागणार हे मनाला पटत नाही, तरी सुरुवात तिथून करून बघते.

गलबत | ६ जून, दुपारी ४.००

मी आंग्रेकालीन गलबतं आणि गुराबांच्या लहान प्रतिकृती करतो. तक्तपोशीच्या, म्हणजे गलबताच्या अंगावर बसवायच्या पट्ट्या ३ मिमी आणि त्याहून पातळ. काकांचा हिशोब इथे लावून बघा: १५ दातांची करवत ३ मिमी पट्टीत टेकवली तर दोनसुद्धा दात धड रुतत नाहीत, पट्टी मोडते. म्हणून मी ४२ दातांची रेझर सॉ वापरतो, जाडीत पाच दात बसतात. पण तीच १० मिमी सागावर उभी चालवली तर चहा होईपर्यंत दोन मिमी आत जाते. पेटीच्या आतल्या कप्प्यांच्या पातळ फळ्या आडव्या कापायला मात्र तिचा विचार करा. स्वस्त असते.

पडवी | १९ जून, रात्री १०.१०

दोझुकी आली. चार दिवस सराव केला. खरं काय झालं ते लिहिते.

आडवा काप पहिल्याच फटक्याला असा आला की मी तो तुकडा आईला नेऊन दाखवला. आरशासारखा. खिडकीशी धरला तर कडेला एक कूसही नाही.

पण डव्हटेलचा उभा काप होईना. पाच-सहा ओढींत भुसा दाटतो, पातं गरम होतं, आणि खाली जाता जाता काप उजवीकडे सरकतो. १० मिमी खोल जायला साठच्या वर ओढी लागल्या. वरून रेषेवर, मागून पाहिलं तर एक मिलिमीटर बाहेर. आणि काल कट्‌ असा आवाज आला. वाशातला जुना खिळा, डोकं गंजून गेलेलं, टोक आत राहिलेलं. एक दात गेला. दुसऱ्याचं टोक गेलं. नव्या करवतीचा दात चौथ्या दिवशी तुटला, फार वाईट वाटलं.

उगवतीचा | २० जून, सकाळी ७.२०

ताई, चूक माझी आहे. दोझुकी बहुतेक वेळा क्रॉसकट दातांचीच येते, हे मी लिहायला हवं होतं. उभ्या कापाची रिप दोझुकी वेगळी मागावी लागते. इथे आम्हाला ते दुकानात लगेच कळतं, म्हणून डोक्यातून निसटलं. एक-दोन दात गेल्याने पातं वाया जात नाही. बाकीचे दात काम करतात, फक्त त्या जागी थोडी ठेच लागेल. खांद्यांच्या कापांना तीच वापरा.

तिकोनी कानस | २० जून, सकाळी ७.४५

वाईट वाटून घेऊ नका. जुन्या लाकडात हे प्रत्येकाचं होतं. यापुढे प्रत्येक फळीवरून आधी चांगलं ताकदीचं लोहचुंबक फिरवा. सागात खिळ्याभोवती काळा डाग पडतो, तोही शोधा. डाग दिसला की खिळा नसला तरी ती जागा सांध्याला घेऊ नका.

पुण्यात आहात ना? रविवारी किंवा बुधवारी जुन्या बाजारात जा. पितळी पाठीची जुनी करवत शोधा. गंज चालेल, खड्डे नकोत. डोळ्यासमोर बंदुकीसारखी धरून पातं सरळ आहे का बघा. पाठ हलत नाही ना, तेही बघा. दात कसेही असोत, ते आपण घासू.

पडवी | २८ जून, रात्री ८.००

मिळाली! दहा इंची, पितळी पाठ, पाठीवर शेफील्डचा पुसट शिक्का. मूठ कुठल्यातरी गडद परदेशी लाकडाची, हातात अशी बसते की सोडवत नाही. साडेसहाशे रुपये. व्हर्नियरने पातं मोजलं, पाऊण मिमी. इंचाला १४ दात, पण काही उंच, काही बुटके. भिंगातून पाहिलं तर कडा तिरक्या, म्हणजे काका म्हणतात तसे क्रॉसकट.

तिकोनी कानस | २९ जून, सकाळी ६.००

उत्तम! १४ दातांची असेल तर दात नव्याने पाडायची गरज नाही. आहेत तेच सरळ घासले की रिप होतात. असं करा.

करवत दात वर करून दोन लाकडी फळ्यांत अशी घट्ट आवळा की दातांखालचं पातं जेमतेम पाव इंच बाहेर राहील. सैल राहिली तर कानस किंचाळते आणि दात खराब होतो. आधी चपटी कानस सगळ्या दातांच्या माथ्यावरून हलकेच सपाट फिरवा, प्रत्येक टोकावर चकाकी दिसेपर्यंत. आता सगळे एका उंचीचे झाले. मग चार इंची, सर्वांत बारीक जातीची तिकोनी कानस घ्या. बोहरी आळीत मागा, तिथे आकार सांगितला की बरोबर देतात. ती पात्याशी काटकोनात, आडवी, अगदी समतल ठेवा. प्रत्येक खाचेत तेवढेच फटके, दोन किंवा तीन. माथ्यावरची चकाकी नाहीशी झाली की थांबा, एक फटकाही जास्त नको. कानशीच्या टोकाला लाकडाचा छोटा ठोकळा खोचून त्याच्यावर आडवी रेघ मारून ठेवा, म्हणजे कानस तिरकी झाली की लगेच दिसेल.

दाताचा पुढचा कडा अगदी उभा ठेवू नका. किंचित मागे झुकवा. सुरुवात करताना करवत दचकत नाही. टोकाकडचा पहिला दीड इंच जरा जास्त झुकवा.

पहिल्या वेळी दोन तास लागतील. मला पहिल्यांदा अख्खी दुपार लागली होती.

भुस्सा | २९ जून, सकाळी ९.१०

काका, हे सगळं मी माझ्या जुन्या करवतीवर करून बघणार आहे. २० दातांच्या करवतीला कुठली कानस?

तिकोनी कानस | २९ जून, सकाळी ९.४०

सोनार वापरतात तसल्या नीडल फाइल्समधली तिकोनी. पण पहिल्यांदाच घासणाऱ्याने १६ च्या वर जाऊ नये. डोळा आणि हात दोन्ही थकतात.

पडवी | ७ जुलै, रात्री ११.००

घासली. पहिल्या दिवशी वाट लावली, दात एक लहान एक मोठा झाले. पुन्हा चपटी कानस फिरवून पुन्हा केलं. दुसऱ्या वेळी जमलं. सागाच्या तुकड्यावर उभा काप: १० मिमी खोल, अकरा फेऱ्यांत. भुसा पीठ होऊन न येता बारीक कणीसारखा पडतो. मी हसतच सुटले.

एकच तक्रार. काप दर वेळी डावीकडे ओढला जातो.

शिसवी | ७ जुलै, रात्री ११.२५

डाव्या बाजूच्या दातांना बाक जास्त आहे. करवत टेबलावर आडवी टाका, डावी बाजू वर. तेलाचा बारीक दगड पात्यावर सपाट ठेवून दातांच्या कडेवरून मुठीपासून टोकापर्यंत एकदाच, अलगद फिरवा. एकदाच. मग कापून बघा. पुन्हा ओढत असेल तर आणखी एकदा. दोन्ही बाजूंना असा एकेक हात दिला तर काप अरुंदही होतो आणि भिंतीही गुळगुळीत येतात. शिसवावर काम करताना मी दर नव्या करवतीला हे करतोच.

तिकोनी कानस | ८ जुलै, सकाळी ६.१०

शिसवींनी नेमकं सांगितलं. त्यात आखणीचं एवढं जोडतो. पेन्सिलची रेघ अर्धा मिलिमीटर जाड असते, आणि तुम्हाला त्याहून कमी चूक हवी आहे. म्हणून खांद्याची रेघ गुण्याला टेकवून सुरीने मारा. टाकाऊ बाजूने पटाशीने त्या रेघेला भिडणारा छोटा उतार काढा. करवत त्या खाचेत आपोआप बसते आणि मागच्या चिरफळ्या बंद होतात. सागासारख्या कठीण लाकडाला शेपटीचा उतार १:८ पुरे, म्हणजे सुमारे ७ अंश. मऊ लाकडात १:६ घेतात. सुरुवातीला अंगठ्याचं नख पात्याला टेकवून पहिला फटका मागे, अलगद. आणि मूठ घट्ट आवळू नका. पाखरू धरल्यासारखी धरा.

गलबत | ८ जुलै, दुपारी २.१५

पावसाचे दिवस आहेत, म्हणून सांगतो. खोबरेल पात्याला लावू नका, चिकट थर धरतं. शिवणयंत्राचं पातळ तेल कापडाने फिरवून पुसून ठेवा. ताईंकडे ते घरात असेलच. माझी एक जुनी करवत एका श्रावणात गंजून गेली, तेव्हापासून करवती जाड कापडात गुंडाळून कपाटात वरच्या फळीवर ठेवतो.

पडवी | २६ जुलै, सायंकाळी ६.३०

पहिला कोपरा बसला.

उभे काप जुन्या करवतीने, खांदे दोझुकीने, मधला टाकाऊ भाग कोपिंग सॉने (चौकटीत ताणलेल्या बारीक पात्याच्या करवतीने) काढून पटाशीने साफ केला. सहा दिवस नुसते टाकाऊ तुकड्यांवर वीस-वीस काप मारले, मग खऱ्या फळीला हात लावला. जोडायला हातोडी घेतली होती, पण तळहाताच्या दाबाने तो आत गेला आणि मध्येच हवा दाबल्यासारखा फुस्स आवाज आला. एका दाताशी अर्ध्या मिलिमीटरची फट आहे. त्याच सागाची रंध्याची सालपट सरस लावून तिथे बसवेन म्हणते.

वाशावर धुराचा थर होता, चुलीचा. कापताना अजून त्याचा वास येतो. आजी त्या पडवीत बसून मेण लावून कुंकू रेखायची, ते आठवत काम करते आहे. उरलेले तीन कोपरे पंधरा दिवसांत होतील. सरस कुठला लावू?

तिकोनी कानस | २६ जुलै, सायंकाळी ७.००

साधा पांढरा लाकडाचा सरस चालेल. पण साग तेलकट असतो. लावायच्या आधी सांध्याच्या बाजू थिनरमध्ये भिजवलेल्या कापडाने पुसा, वाळू द्या आणि मग लगेच जोडा. पेटीच्या आतल्या बाजू जोडण्याआधीच रंधून पॉलिश करून घ्या, नंतर कोपऱ्यात हात पोचत नाही. सालपट घालायचा विचार योग्य आहे. तिच्या रेषा त्या दाताच्या रेषांच्या दिशेने ठेवा.

शिसवी | २६ जुलै, सायंकाळी ७.२०

आणि तळाची फळी चिकटवून टाकू नका, ताई. खाचेत सरकती ठेवा. पावसात ती रुंदीला फुगणार, उन्हाळ्यात आकसणार. चारी बाजूंनी सरस लावला तर एखाद्या मे महिन्यात मधोमध तडकेल.